घरच्यांच्या नजरेतून

"ताई, चौथा विभाग रिकामा आहे," मी म्हटलं.

अनसूयाताई जमिनीवर बसून विळीवर नारळ खवत होत्या. त्यांच्या घरात नारळाला तोटा नव्हता. आठवड्याला तीन-चार सत्कार ठरलेले, म्हणजे तीन-चार शाली आणि तेवढीच श्रीफळं. शाली त्या आश्रमशाळेला पाठवून देत आणि नारळ जो भेटेल त्याच्या पिशवीत कोंबत.

"कसला चौथा विभाग?"

"'घरच्यांच्या नजरेतून.' प्रत्येक गौरवग्रंथात असतो तो. पहिला शुभेच्छांचा, दुसरा कार्याचा, तिसरा सहकाऱ्यांचा आणि चौथा घरच्यांचा. नवरा, मुलं, सुना, नातवंडं. आता तुमच्या बाबतीत..."

"बोल की, अडखळतेस कशाला? नवरा केला नाही, तर सुना कुठून आणू?" त्या हसल्या. "काढून टाक तो विभाग."

"समिती ऐकायची नाही. घरचं कोणी नाही म्हटलं तर ग्रंथ ओका दिसतो म्हणे."

"आहेच ओका, तर दिसू दे."

एवढ्यात फोन वाजला. कोणाला तरी तारीख हवी होती. तो ठेवतात न ठेवतात तोच दुसरा आला. कुठल्याशा गावात एका कुटुंबाला विहिरीवर येऊ देत नव्हते. ताईंनी नारळाचे हात पदराला पुसले, नावं लिहून घेतली, पोलीस ठाण्याचा नंबर तोंडपाठ सांगितला.

मी गौरवग्रंथ करते. म्हणजे तेव्हा करत होते. कोणाची साठी, कोणाची पंच्याहत्तरी. समिती नेमली जाते, फोटो येतात आणि लेख काही केल्या येत नाहीत. मग मी आमदारांना फोन करते. आमदार म्हणतात, "वैजयंतीबाई, तुम्हीच लिहा हो छानसं, आणि टाका माझ्या नावाने." बँकेचे चेअरमन तेच म्हणतात, प्राचार्य तर नक्कीच तेच म्हणतात. एका ग्रंथातले साठातले चाळीस लेख माझे असतात. चाळीस माणसांच्या तोंडून मी एकटी बोलते, आणि प्रकाशनाच्या दिवशी ती चाळीसही माणसं आपला लेख वाचून स्वतःवरच खूश होतात. यात लबाडी आहे असं मला कधी वाटलंच नाही. स्वयंपाक आपण करायचा आणि वाढताना यजमानीण पुढे, इतकं ते साधं होतं.

ताईंचं नाव आमच्या रायगडात शेंबड्या पोराला विचारलं तरी सांगेल. गावकीने वाळीत टाकलेल्या माणसांसाठी ही प्राथमिक शाळेची मास्तरीण अठ्ठावीस वर्षं एसटीने फिरली. कोणाशी गाव बोलत नाही, कोणाच्या प्रेताला खांदा मिळत नाही, कोणाच्या लग्नाला अख्खं गाव दारं लावून बसतं, तिथे ही हजर. दीडशेच्या वर कुटुंबं तिने परत गावात नेऊन बसवली. पेपरात फोटो, टीव्हीवर मुलाखती, कॉलेजच्या पोरींच्या मोबाईलवर तिची वाक्यं. आणि दर भाऊबीजेला तालुक्याच्या हॉलमध्ये सार्वजनिक ओवाळणी. पाटांची रांग, शंभर-सव्वाशे भाऊ आणि ताट घेऊन ताई. दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेला मथळा: हजारो भावांची बहीण.

दोन फोन झाले. ताईंनी परत विळी पुढे ओढली आणि खाली मान घालून म्हणाल्या, "वैजू, हा फोन दिवसातून साठ वेळा वाजतो. 'ताई, या' म्हणायला वाजतो, 'ताई, वाचवा' म्हणायला वाजतो. 'काय गं, जेवलीस का?' असं विचारायला एकदा वाजेल तर शपथ."

मी उठले. दारापर्यंत आल्या, पिशवीत दोन नारळ टाकले, आणि मी पायऱ्या उतरायला लागल्यावर वरून म्हणाल्या, "अण्णाला विचारून बघ. शेंडवलीला. दोन ओळी दिल्या तरी चालतील. मी पाठवलंय म्हणून सांगू नकोस हं."

अण्णा म्हणजे त्यांचा सख्खा मोठा भाऊ. शेंडवली चौदा किलोमीटरवर. आणि त्या दोघांत बोलणं नाही हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं, कारण ताईंच्या कामाची सुरुवातच तिथून झाली होती. शेंडवलीच्या गावकीने एका विधवेला वाळीत टाकलं होतं. ताईंनी आपल्याच गावावर तक्रार केली, स्वतः पोलिसांच्या गाडीतून गावात आल्या. अकरा जणांना धरलं. त्या विधवेशी बोलू नका म्हणून घरोघर निरोप सांगत फिरणारा अनंत पांडुरंग घरत, म्हणजे अण्णा, हा त्यातलाच एक. ताईंच्या परिचयपत्रकात ही ओळ असायचीच: 'अन्यायापुढे त्यांनी सख्ख्या भावाचीही गय केली नाही.' ती ओळ माझीच. टाळ्या हमखास पडायच्या.

---

अण्णांचा गणपतीचा कारखाना होता. आषाढ चालू होता. ओसरीपासून मागच्या पडवीपर्यंत मूर्तीच मूर्ती. अण्णा ऐंशीचे, हडकुळे, चष्म्याला दोरी बांधलेली. एका मूर्तीसमोर मांडी घालून डोळ्यांची आखणी करत होते. घरात सगळे रंग द्यायचे, पण डोळे फक्त अण्णांनी आखायचे, असं त्यांची सून वनिता मला चहा देताना म्हणाली.

मी समितीचं नाव सांगितलं, ग्रंथाचं सांगितलं. ते वर बघेनात.

"किती पानं पायजेत?"

"दोन दिलीत तरी पुष्कळ."

"दोन पानांत माझी भैन मावंल?"

"मग चार लिहा ना, अण्णा!"

"मी नाय लिवणार." ब्रश पाण्यात बुडवला. "बाई, तुम्हाला ठाऊक हाय का, मला उचलला तो दिवस कंचा? चतुर्थीला नऊ दिवस होते. दीडशे मूर्ती बिनरंगाच्या. तीन दिवस आत होतो. भायेर आलो तर लोक आपापले पाट उचलून घेऊन गेलेले. पोलिसांनी नेलेल्याच्या हातचा गणपती कोणाला पायजे?"

आमच्याकडे रीत अशी की गिऱ्हाईक आपल्या घरचा लाकडी पाट आधी कारखान्यात आणून देतं, आणि मूर्ती त्याच पाटावरून घरी जाते. भिंतीला असे पाट रचले होते, प्रत्येकावर खडूने नाव. माझी नजर वर गेली. माळ्याच्या तुळईवर एक पाट एकटाच उपडा घातलेला होता, धुळीने काळा पडलेला.

"तो कोणाचा?" मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"हाय एका गिऱ्हाईकाचा. न्यायला आलं नाय."

"पण अण्णा, ताईंनी जे केलं ते..."

"बरोबर केलं. मी कुठं चुकीचं केलं म्हणतो?" आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्या बाईशी आम्ही वागलो ते वाईटच. पण पोलीस आणायच्या आधी एकदा घरात यायचं, 'अण्णा, तू असं करू नको' म्हणायचं. मला म्हणाली असती तर मी ऐकलं असतं. मला न सांगता आली."

त्यांनी दुसरी मूर्ती पुढे ओढली.

"तुम्हीच लिवा काय ते. पेपरात येतं त्यातलंच घाला. नाव टाकायचं तर टाका माझं."

झालं! मला माझं ठरलेलं वाक्य मिळालं. आमदार म्हणतात तेच हे, अशी मी स्वतःची समजूत घातली. आता वाटतं, एका वैतागलेल्या म्हाताऱ्याने हात झटकले होते, आणि मी त्याला परवानगी म्हणत होते. पण तेव्हा मी खुशीत एसटी पकडली.

लेख मी दोन दिवसांत लिहिला, आणि सांगते, झकास लिहिला. 'माझी ताई.' खाडीला भरती आली की भाऊ बहिणीला खांद्यावर घेऊन शाळेत पोचवतो. लहानपणापासून ताई कशी बंडखोर. मग तो अटकेचा प्रसंग, आणि शेवटी भाऊ म्हणतो, 'ताईने त्या दिवशी माझे डोळे उघडले. आज मला तिचा अभिमान वाटतो.' लिहिताना माझेच डोळे भरून आले. मनात म्हटलं, बाईला एवढं सुख द्यायला काय हरकत आहे? साठ लेखांचा गठ्ठा मी ताईंकडे प्रुफं बघायला दिला आणि वर म्हणाले, "बघा, चौथा विभाग भरला."

ताईंनी त्यातला कागद हातात घेतला, अण्णांचं नाव वाचलं आणि गठ्ठ्याच्या अगदी वर ठेवला. त्यांचा चेहरा असा झाला की मला तिथे उभं राहवेना.

---

चार दिवसांनी गेले. गठ्ठा टेबलावर जसाच्या तसा बांधलेला. फक्त दोन पानं बाजूला काढून ठेवली होती.

"बस," ताई म्हणाल्या. "हे तू लिहिलंस."

"म्हणजे... अण्णांनी सांगितलं, मी फक्त..."

"वैजू."

"मी लिहिलं," मी म्हटलं. "कशावरून ओळखलंत?"

"अगं, तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. तो मला ताई म्हणेल? जिल्हा म्हणतो म्हणून भाऊसुद्धा म्हणेल?" त्या हसत होत्या, पण डोळे सुजलेले होते. "पहिल्या ओळीतच कळलं. तरी शेवटपर्यंत वाचला. दोनदा वाचला. मेली आशा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काढून टाकते मी. विभागच काढून टाकते."

"काढू नकोस, छाप. पण नीट करून छाप."

दोन्ही पानांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. 'ताई' जिथे जिथे होतं तिथे काट मारून 'बाबी' लिहिलं होतं. खांद्यावर बसवून नेल्याचं खोडलं होतं. शेजारी लिहिलं होतं, 'खांद्यावर नाही. मूर्तीची माती आणायच्या होडीतून. उतरल्यावर दोघं चिखलाने भरलेली, म्हणून मास्तर बाहेर उभं करायचे.' बंडखोर वगैरे सगळं खोडलेलं. 'बाबी भित्री होती. अंधारात परसदारी जायला मला उठवायची.' आणि शेवटची अभिमानाची ओळ, जिच्यावर मी रडले होते, तिच्यावर आडवी रेघ. खाली ताईंच्या टपोऱ्या मास्तरणी अक्षरात एकच वाक्य होतं. 'मी तिच्यावर अजून रागावलेलो आहे.'

"हे असं छापू?" मी विचारलं. "गौरवग्रंथात?"

"का नाही? एकोणसाठ लेखांत माझी आरती आहे. त्यातल्या किती जणांना माझं दुखतंखुपतं माहीत आहे? रागावलेला तेवढा तो एकच आहे. माझं माणूस म्हणून तेवढंच शिल्लक आहे, ते तरी खरं छापू दे."

मग त्या माझ्यावर खरोखरच रागावल्या. मास्तरणीसारख्या. "आणि पुन्हा कोणाच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत. माझ्या तर नाहीच, अण्णाच्याही नाही. आमच्यात तिसऱ्याने बोलायचं नाही. धर कान."

"अहो ताई..."

"धर म्हणते ना!"

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी कान धरला. मग आम्ही दोघीही हसलो, आणि निघताना त्यांनी नेहमीसारखा पिशवीत नारळ टाकला. "पहिल्या रांगेत अण्णासाठी खुर्ची ठेव हं," म्हणाल्या.

त्यांची दुरुस्ती तशीच ठेवली. पण न सांगता छापायला आता जीव धजेना, म्हणून दुरुस्त पानांची प्रुफं घेऊन आधी शेंडवलीला गेले. अण्णांनी चष्मा पुसला आणि ओठ हलवत वाचलं. मध्येच थांबले.

"बाबी तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच दुरुस्त केलंय."

"ह्या नावानं मी सोडून कोणी हाक मारत नव्हतं." परत वाचायला लागले. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हेबी तिनंच?"

"हो."

"बरोबर लिवलंय," म्हणाले. पानांची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

समारंभाला या म्हटलं, तर आखणीचे दिवस आहेत, हात सोडून येता येत नाही म्हणाले. पहिल्या रांगेतली ती खुर्ची रिकामीच राहिली. दोन हजार माणसं होती. मंत्री आले, भाषणं झाली, सेल्फीसाठी पोरीबाळींनी ताईंना गराडा घातला. त्या सगळ्या गर्दीत ताई मान उंच करून त्या खुर्चीकडे बघत होत्या. शेवटी एका कार्यकर्त्याने त्या खुर्चीवर शालींचा ढीग ठेवला, तेव्हा कुठे त्यांनी बघायचं सोडलं.

---

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी मी ताईंकडे होते, आभाराची पत्रं लिहायला. दाराशी टेम्पो थांबला. ड्रायव्हरने गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी आणून अलगद टेबलावर ठेवलं.

"शेंडवलीहून. अण्णांनी सांगितलंय, आखणी राहिली." एवढंच बोलून तो गेला. त्याला अजून वीस घरं करायची होती.

ताईंनी गोणपाट सोडलं. वीतभर उंचीचा शाडूचा गणपती. सोंड, जानवं, मुकुट, पितांबर, सगळं सुरेख रंगवलेलं. फक्त डोळे नव्हते. डोळ्यांच्या जागी नुसती पांढरी माती. आणि मूर्ती ज्या पाटावर होती तो घासूनपुसून स्वच्छ केलेला जुना पाट. कडेला निळ्या ऑइलपेंटने नाव होतं: अनसूया.

"माझा पाट," ताई म्हणाल्या. "त्या वर्षी दिला होता मी अण्णाकडे. पहिल्यांदाच स्वतःच्या खोलीत गणपती बसवणार होते. नंतर सगळं ते झालं. न्यायला कुठल्या तोंडाने जाणार होते?"

तेव्हा मला माळ्यावरचा उपडा पाट आठवला. अठ्ठावीस वर्षं सांभाळला होता म्हाताऱ्याने.

"आखणी राहिली म्हणजे तो येणार," ताई म्हणाल्या. "डोळे दुसऱ्या कोणाला आखू देत नाही तो. येणारच." त्यांनी मला पत्रं आवरायला लावली. केर काढला. ठेवणीतली साडी नेसल्या. रंग कालवायला बशी, ब्रशसाठी पेल्यात पाणी, जुनं फडकं, सगळं मूर्तीजवळ मांडून ठेवलं. फोन वाजला की बघायच्या आणि उचलायच्या नाहीत. मी त्यांना फोन न उचलताना पहिल्यांदाच पाहत होते.

अण्णा आले नाहीत. चतुर्थीलाही आले नाहीत.

"तुम्हीच जा ना मूर्ती घेऊन," मी म्हटलं. "चौदा किलोमीटर तर आहे. रिक्षा करू."

"त्या घरात मी शेवटची गेले ती पोलीस घेऊन. आता त्याने ये म्हटल्याशिवाय कशी जाऊ? त्याला पाठवावंसं वाटलं ना? मग येईल. घाई नको करूस." त्यांनी कोणाच्या तरी सत्कारातली शाल काढली आणि मूर्तीवर पांघरली. त्या घरात वापरलेली ती पहिली शाल. "डोळ्यांशिवाय पूजा करायची नसते. राहू दे त्याला असाच."

दिवाळीच्या बाजारात मला वनिता भेटली, अण्णांची सून. ओवाळणीचं सामान घेत होती. मला बघून लगेच बाजूला घेतलं.

"बाई, आत्याबाई कधी यायच्यात हो? मामंजी रोज विचारतात, बाबी आली का गणपती घेऊन. आखणीचा काळा रंग रोज कालवून ठेवतात. वाळला की परत कालवतात. आम्हाला हात लावू देत नाहीत."

"अगं, मग त्यांना बोलवा ना!"

"म्हणतात, मूर्ती पाठवली, डोळे ठेवले, आणखी काय बोलावणं पायजे? एवढं समजत नाय तिला?"

मी तिथून तडक हॉलवर गेले. भाऊबीज होती. पाटांची रांग लागलेली, फोटोवाले टेबलावर चढलेले. ताईंच्या कपाळावर घाम, हातात ताट, आणि समोर एकशे चाळीस भाऊ. मी खांबाशी उभी राहिले. ओवाळणी संपली की सांगायचं, हातातलं ताट काढून घ्यायचं आणि त्यांना रिक्षात घालून शेंडवलीला न्यायचं, इतकं सगळं मनात ठरलं होतं.

ताईंची नजर माझ्यावर पडली. माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी कळलं असावं. लांबूनच त्यांनी हसून स्वतःच्या कानाला हात लावला आणि मान हलवली. तिसऱ्याने बोलायचं नाही.

आणि मी बोलले नाही. शब्द दिला होता. शिवाय खरं सांगायचं तर त्या प्रुफाची लाज अजून गेली नव्हती. परत तोंड घालून परत तोंडघशी पडायची माझी हिंमत नव्हती. भाऊ-बहीण आहेत, आज ना उद्या बघतील, असं म्हणून मी घरी आले.

पुढच्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. रस्ते बंद, एसटी बंद. आषाढात ताईंना ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि सहाव्या दिवशी त्या गेल्या. आत कोणाला सोडत नव्हते. ज्या बाईने वाळीत टाकलेल्या माणसांच्या प्रेतांना खांदे मिळवून दिले, तिला न्यायला प्लास्टिकचे कपडे घातलेले नगरपालिकेचे चार लोक होते. मी फाटकाबाहेर उभी होते. त्या दिवशी मोबाईलवर हजारोंनी श्रद्धांजल्या आल्या. प्रत्येकीत 'ताई' होतं.

---

गाड्या सुरू झाल्यावर समितीचा फोन आला. स्मृतिग्रंथ काढायचा होता. "चौथा विभाग तसाच ठेवू या, वैजयंतीबाई. त्या भावाचंही घ्या काहीतरी, तुम्हीच लिहा." मी नाही म्हटलं. आजपर्यंत मी दुसरा ग्रंथ केलेला नाही. सहा वर्षं झाली.

कागदपत्रं लावायला म्हणून ताईंच्या घराची किल्ली माझ्याकडे दिली होती. मूर्ती टेबलावरच होती, शाल पांघरलेली. रिक्षात मांडीवर घेऊन मी ती शेंडवलीला नेली. कारखान्यात त्या वर्षी मोजून दहा मूर्ती होत्या. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. मी मूर्ती त्यांच्यासमोर ठेवली आणि शाल काढली.

त्यांनी पाटाच्या कडेवरून, नावावरून अंगठा फिरवला.

"मी वाट बघत होतो," म्हणाले.

"त्याही बघत होत्या, अण्णा. तुम्ही याल म्हणून. तुम्ही ये म्हटल्याशिवाय कसं यायचं म्हणायच्या."

"आणि मी म्हणत होतो का ती येत कशी नाय." त्यांनी मान वर केली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"दोन्हीकडचं?"

"हो."

"मग सांगायचं नाय?" आवाज चढला नव्हता. "माझ्या नावानं दोन पानं लिवलीत, तेव्हा काय वाटलं नाय. आणि 'अण्णा बोलवतोय' एवढं सांगायला काय झालं?"

"त्यांनी मला कान धरायला लावला होता," मी म्हटलं. "तुमच्यात तिसऱ्याने बोलायचं नाही म्हणाल्या. मी त्यांचं ऐकलं."

अण्णांनी त्या मूर्तीच्या पांढऱ्या डोळ्यांकडे बघितलं.

"सगळा जिल्हा तिचं ऐकत होता," ते म्हणाले. "तुम्ही तरी ऐकायचं नव्हतं."

वनिताने चहा आणून ठेवला. तो आम्ही दोघांनीही घेतला नाही.